गाठीचं माप

सोनोग्राफीवाल्या मुलीनं पडद्यावर दोन फुल्या मारल्या,
एक अलीकडे, एक पलीकडे, मधे ठिपक्यांची रेघ.
मी म्हटलं, आम्हीही असंच घेतो, बाई,
या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.
ती हसली नाही.
सहा पूर्णांक चार सेंटिमीटर, म्हणाली.
मी मनातल्या मनात इंच केले. अडीच.
ब्लाउजच्या मागच्या पट्टीएवढी गाठ.

रामबागेत चौदा वर्षं शिवतेय.
स्टुलावरची उशी मरून रंगाची, मुद्दाम.
महिन्यातले आठ-नऊ दिवस
गिऱ्हाईक समोर असेतो मी उठत नाही.
माप घ्यायला पोरीला पुढे करते, म्हणते, गुडघे दुखतात.
थंडीत सगळे सराफ्यात गराडू खायला निघाले
तेव्हा मी घरीच थांबले, म्हटलं, तळलेलं सोसत नाही.
खरं म्हणजे
मी मनात मोजत होते, तिथून न्हाणीघर किती पावलं.

डॉक्टर सबनानींनी पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली,
मग विचारलं, माती, खडू, असलं काही खावंसं वाटतं का?
चोरी पकडली जावी तसं झालं मला.
कापडावर खुणा करायचा खडू,
पांढरा, वडीसारखा,
दुपारी एकटी असले की कडेकडेनं कुरतडायची मी.
कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या रक्ताला होतं.
हिमोग्लोबिन सहा पूर्णांक नऊ.
माझी मशीन अख्खी लोखंडाची, चाळीस वर्षं जुनी, अजून धावते,
आणि मला जिन्यात दोनदा टेकावं लागतं.

कर्करोग नाही, त्या म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या,
कारण पहिल्यांदा मला ऐकूच आलं नव्हतं.
गर्भाशयाच्याच स्नायूची गाठ ही.
तुमच्या गल्लीत कितीजणींना असेल, त्यांना पत्ताही नसेल.
गाठ केवढी यापेक्षा ती कुठे आहे ते बघायचं.
तुमची भिंतीत आहे, पण आतल्या अस्तराला रेटतेय.
हे मात्र मला चटकन कळलं.
अस्तर ओढलं गेलं की वरचं कापड कितीही चांगलं असो,
बसत नाही.

घरी जाऊबाई म्हणाल्या, पिशवी काढून टाक.
दोन लेकरं झाली, आता काय करायचीय तिचं?
मी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवत होते तेव्हा,
भाजीबाजारात वीस रुपयांना जातात.
रिकामी झाली म्हणून पिशवी कोणी फेकत नाही हो,
असं म्हणणार होते. दोरा दातानं तोडला, गप्प बसले.
काढायची वेळ आली तर काढीन. डॉक्टरांनी तेही सांगितलंय,
औषधं सांगितलीत, नुसतं लक्ष ठेवणंही सांगितलंय.
पण विचारायचं मला, आणि उत्तरही मीच द्यायचं.
आधी सलाइनमधून लोखंड. मग फक्त गाठ.
संक्रांतीनंतरची तारीख आहे.

इंदूमावशी अशीच गेली, एकोणचाळिसाव्या वर्षी.
अंगावरून जातंय एवढंच म्हणायचे सगळे,
आणि म्हणताना दाराकडे बघायचे.
तिचं माप कोणी घेतलंच नाही.

काल मुंग्यांची सून आली, लग्नाचे चार ब्लाउज घेऊन.
गडद साडी, ओठ पांढरे,
कंबर मोजताना पोट हाताला कडक लागलं.
टेप तिच्याभोवती तसाच धरून
मी हळूच विचारलं,
किती दिवस जातं गं?
आरशात ती माझ्याकडे बघेना.
बाहेर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली, पार वळणापर्यंत.
मग म्हणाली, अकरा.

वहीत लिहिलं, कंबर चौतीस.
त्याच्या शेजारी सबनानींचा नंबर.
पान फाडून तिच्या मुठीत दिलं,
आणि मग आठवलं, मापही त्याच पानावर गेलं.
बोटांना खडू लागला होता.
पदराला पुसला.